मीठ घातलेला बर्फ

आमच्या कणकवलीत हल्ली जो तो कुठून तरी फिरून आलेला असतो. कोणी काश्मीर, कोणी दुबई. आल्यावर मोबाइलमधले फोटो समोरच्याने बघितल्याशिवाय सुटका नसते. मी यंदा गणपतीनंतर महिना-दीड महिना मुंबईच्या उपनगरांत होते. परत आल्यावर शेजारीण भेटायला आली आणि सवयीने विचारून बसली, "मग, काय काय बघितलंत मुंबईत?" मी कशाला गेले होते ते तिला ठाऊक होतं. प्रश्न तोंडातून गेल्यावर बिचारी ओशाळली. मी म्हटलं, "मुलुंड बघितलं, घाटकोपर बघितलं, अंधेरी बघितली. पांढऱ्या पेशीसुद्धा बघितल्या." तिने चहा अर्धा ठेवला आणि उठली.

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या गावांना पर्यटक म्हणून कोणी जात नाही, आणि मी जिथे गेले तिथे तुम्ही कोणी जाऊ नये असंच मला वाटतं. म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ विजू आता नाही, हे पहिल्याच पानावर सांगून टाकते. वाचणाऱ्याने उगाच आशा धरून बसू नये. आम्ही बसलो होतो.

मुलुंड

विजू दहावीनंतर मुंबईला गेला, फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत शिरला आणि मुलुंड पूर्वेला त्याने स्वतःचं दुकान काढलं. दुकान म्हणजे एक शटर आणि आत पोट फाडून ठेवलेले फ्रिज. नासणारी वस्तू थंड केली की वाचते, एवढ्या एका श्रद्धेवर या माणसाने संसार केला. घरात दोन खोल्या आणि दोन फ्रिज. एकात जेवण, दुसऱ्यात मासे, कारण आईसक्रीमला बांगड्याचा वास लागलेला त्याला खपत नसे.

गणपतीला गावी आला की परतताना स्वतःच्या निळ्या डब्यात सुरमई भरून न्यायचा. खाली बर्फाचा चुरा, त्यावर मूठभर जाडं मीठ, मग मासा, वर पुन्हा बर्फ आणि मीठ. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मीठ घातलं की बर्फाची थंडी शून्याच्या खाली उतरते हे वर्गात परीक्षानळी बुडवून दाखवायचे. विजू म्हणायचा, "ताई, तू ह्या पोरांका मार्कांसाठी शिकवतंस. मी ह्याच्यावर सुरमई खातंय." शाळेत बोलून बोलून मी मालवणी विसरले, असंही तो मला चिडवायचा. ते मात्र खरं आहे.

यंदा गणपतीला तो आला नाही. जिना चढताना धाप लागते म्हणाला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग शुभाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. ल्युकेमिया. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर.

मी बॅग भरून निघाले ती मनात एकच धरून: मी सख्खी बहीण आहे, माझा बोनमॅरो देईन आणि याला उठवीन. मुलुंडला पोचल्यावर कौतुकाने रक्त दिलं. जुळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला माझ्याच हाडांचा असा राग आला की काय सांगू. एका आईचं दूध प्यालो, एका तपेलीतली पेज जेवलो, आणि ऐन वेळी ही हाडं परकी निघाली. विजू मात्र हसला. "ल्हानपणापासून तुजा-माजा कधी जुळला, तर आता जुळतला?"

मुलुंडबद्दल आणखी लिहायचं तर तिथून डोंगर दिसतो. रोज सकाळी शुभा डबा भरायची तेवढा वेळ मी खिडकीत उभी राहून तो बघत असे. छान हिरवा डोंगर आहे. मला तो आवडला नाही.

घाटकोपर

इस्पितळ घाटकोपरला होतं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की सारी वाडी शहाळी घेऊन दवाखान्यात जाते आणि खाटेवर बसून गजाली करते. इथे शहाळं बंद, फळ बंद, फूल बंद, खाटेवर बसणं तर बंदच. तोंडाला मास्क लावून नातेवाइकाने भिंतीला टेकून उभं राहायचं. विजूला सोलकढी हवी होती. कच्चं काही चालणार नाही असं सिस्टरने सांगितल्यावर तो म्हणाला, "मग उकळून द्या." उकळलेली सोलकढी! शुभा खरंच विचारात पडली होती.

दुसरी एक रीत मला अगदीच नवी. रक्त काढायचं त्यांनी आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं नातेवाइकांनी. कोणाच्या पर्समध्ये नळी, कोणाच्या शर्टाच्या खिशात. इस्पितळाच्या दारात तुम्ही उभे राहिलात तर दिसेल, धावत बाहेर पडणाऱ्या दर दुसऱ्या माणसाजवळ घरच्या कोणाचं तरी रक्त असतं.

औषध सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तरुण डॉक्टर आला आणि खाटेशेजारी उभा राहून म्हणाला, "अंधेरीला एक प्रयोगशाळा आहे. पांढऱ्या पेशी हीम कसं बनवतात यावर तिथे काम चालतं. निरोगी माणसाच्या आणि ल्युकेमियाच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून बघतात. त्यांना औषध सुरू व्हायच्या आधीचं रक्त लागतं. तुम्हाला याचा काही फायदा होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. नाही म्हणालात तरी चालेल."

"हीम म्हणजे?" विजूने विचारलं.

"रक्ताला लाल करतं ते."

"पण पेशी तर पांढऱ्या म्हणता."

"त्यासुद्धा बनवतात. थोडंसं, स्वतःपुरतं."

विजूने आपल्या दंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "घ्या डॉक्टर. लोकांचं दूध, लोकांचे मासे, लोकांची इंजेक्शनं, सगळं नासण्यापासून वाचवलं मी. माझं काहीतरी कोणाच्या कामाला येऊ दे." हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की मला भिंतीकडे वळावं लागलं. त्या दिवसापासून त्याचं सगळं लक्ष त्या एका नळीवर लागलं. बरं होण्याबद्दल तो बोलेना. रक्त अंधेरीला नीट पोचलं पाहिजे, एवढंच.

रक्त मी न्यायचं असं ठरलं. मी निरोगी, शिवाय बहीण, तेव्हा शेजारी ठेवायचं 'नॉर्मल' रक्तही ते माझंच तिथे काढून घेणार होते. डॉक्टरने सांगितलं, नळीला उजेड लागू देऊ नका, लवकर पोचा. बर्फाबद्दल तो काही बोलला नाही.

त्याची गरजच नव्हती. विजूने रात्रीच शुभाला फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं. सकाळी आम्ही मुलुंडहून रिक्षाने निघालो तेव्हा मांडीवर तो निळा डबा होता, आत मासळीवाल्याकडून आणलेला बर्फ, आणि शुभाच्या पर्समध्ये जाड्या मिठाची पुडी. सिस्टरने रक्त काढलं, नळी चंदेरी कागदात गुंडाळली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. विजू उठून बसला. शुभाला त्याने डब्याला हात लावू दिला नाही. बर्फ, मीठ, नळी, बर्फ, मीठ. दोन्ही कड्या लावल्या, वरून थाप मारली. कितीतरी दिवसांनी मला तो आपला विजू वाटला. "जा," म्हणाला. "वाटेत उघडू नको."

मेट्रोच्या दारात मला अडवलं. पोरगेल्या शिपायाने विचारलं, "आंटी, इस में क्या है?"

"खून," मी म्हटलं.

"किसका?"

"भाई का."

त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि मागच्या साहेबाला हाक मारली. इस्पितळाचा कागद दाखवेपर्यंत माझ्यामागे रांग साचली होती आणि एक गुजराती बाई सगळ्यांना सांगत होती की जाऊ द्या, यांच्या भावाचा कोणीतरी खून केलाय. या प्रवासात मी एकदाच हसले ते तिथे. हसू आलं याचीच पुढे मरोळपर्यंत लाज वाटत राहिली.

असल्फ्याच्या टेकडीवरची घरं मेट्रोतून दिसतात, निळी, पिवळी, गुलाबी रंगवलेली. लोक काचेला चिकटून फोटो काढत होते. पुढे विमानं इतकी खालून जातात की चाकं दिसतात. मी डबा पोटाशी धरून बसले होते आणि डब्याचा गारवा साडीतून पोटाला लागत होता. चांगलं गार राहिलंय, असं वाटून बरं वाटत होतं.

अंधेरी

प्रयोगशाळा औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. शेजारी पुठ्ठ्याचा कारखाना, समोर टपरीवर उसळपाव. मला न्यायला प्रज्ञा नावाची मुलगी खाली आली. बोरीवलीला राहणारी, तिशीच्या आतली, पायांत रबरी चपला, बोलणं भराभर. "या ना ताई, बरं झालं लवकर आलात, सगळं रेडी करून बसलेय मी."

तिने टेबलावर डबा ठेवला, कड्या उघडल्या आणि हात तसाच थांबला.

"बर्फात आणलंत?"

"हो. मीठ घालून. अगदी शून्याच्या खाली," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं.

तिने खोलीतला दिवा मंद केला, नळीवरचा कागद सोडवला आणि नळी तिरपी धरली. आतलं रक्त रक्तासारखं दिसत नव्हतं. कोकमाच्या आगळासारखं पारदर्शक लाल झालं होतं आणि कडेला बर्फाचा पापुद्रा धरला होता.

"वाट लागली," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी ताई. तुम्ही बसा आधी."

तिने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. हीम हा लोखंडाचा कण मध्ये धरून ठेवणारा पदार्थ. तांबड्या पेशी त्याने ठासून भरलेल्या असतात. पांढऱ्या पेशींत ते अगदी थोडं, पण त्यांचं त्यांना हवंच असतं. जंतू मारण्याचं त्यांचं एक हत्यार हीमवरच चालतं आणि ते हिरवं असतं. गळवातला पू हिरवट दिसतो तो त्यामुळे. ल्युकेमियाच्या पेशी हे हीम बनवताना कुठे अडतात, कुठे घाई करतात, ते यांना मोजायचं असतं. त्यासाठी पेशी जिवंत हव्यात. कच्चा माल घातला की त्यांनी कामाला लागलं पाहिजे. रक्त गोठलं की पेशी फुटतात. पांढऱ्या मरतात, आणि तांबड्यांतलं सगळं लाल बाहेर येऊन त्यात पांढऱ्यांचा तो थेंबभर हिशेब बुडून जातो.

"मग कसं आणायचं होतं?"

"असंच. पर्समध्ये. साध्या हवेत." ती टेबलाकडे बघत होती. "आम्ही सांगायला हवं होतं ओ ताई. आम्हाला वाटतं सगळ्यांना ठाऊक असतं."

मी शुभाला फोन लावला. औषध लावू देऊ नकोस, पुन्हा रक्त काढायचंय, हे तोंडात तयार होतं. तीच आधी बोलली, "ताई, लावलं हो मघाशी. लालभडक औषध आहे. नीट जातंय." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. औषध शिरलं की त्या पेशी पहिल्यासारख्या राहत नाहीत, हे प्रज्ञाने मला सांगितलंच होतं.

तिने माझं रक्त मात्र घेतलं. नॉर्मल दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी ठेवता येतं म्हणाली, ते वाया जात नाही. विजूला जे रक्त उपयोगी पडलं नाही ते इथे उपयोगी पडलं, आणि ज्याला आपलं रक्त उपयोगी पडावं असं वाटत होतं त्याची नळी तिने लाल पिशवीच्या डब्यात टाकली. टाकताना माझ्याकडे पाठ केली होती. पोरगी चांगली होती. मला तिचा राग आला नाही, आला असता तर सोपं गेलं असतं.

तिने मला बळेच जेवायला बसवलं, आपल्या डब्यातली मेथी आणि अर्धी भाकरी दिली. नंतर पडद्यावर आधीच्या कोण्या पेशंटच्या पेशी दाखवल्या. कच्चा माल घालून, काही तास ठेवून, निळ्या दिव्याखाली काढलेला फोटो. काळ्याभोर अंधारात जास्वंदीच्या रंगाचे ठिपके, पेटल्यासारखे. शेजारी निरोगी पेशी, जेमतेम दिसणाऱ्या. आजारी पेशींत हीमच्या आधीचा पदार्थ साचतो आणि तो असा चमकतो, ती म्हणाली. इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतकं सुंदर आणि इतकं दुष्ट काही मी बघितलेलं नव्हतं.

पुन्हा घाटकोपर

विजू झोपून होता. लाल औषध थेंबथेंब जात होतं. मला बघताच त्याने विचारलं, "थंड रवला मा?"

"एकदम थंड," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

मग मी त्याला तो फोटो सांगितला. अंधार, निळा दिवा, जास्वंदीचे ठिपके. ते ठिपके तुझेच, असं मी म्हटलं नाही. तसं म्हणायची गरज पडली नाही. तो डोळे मिटून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मोडायची माझ्यात ताकद नव्हती.

पुढचे काही दिवस त्याने वॉर्डात हेच सांगितलं. वॉर्डबॉयला, सफाईवाल्या मावशीला, पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटला. तो रिक्षावाला होता, त्यालाही हाच आजार. त्याची बायको सुनीता, माहेर वाशीमकडचं, घाटकोपरच्याच डोंगरावर राहायची. त्याचं औषध आठवडाभराने सुरू होणार होतं. डॉक्टरने त्यालाही अंधेरीबद्दल विचारलं आणि तो हो म्हणाला.

त्याचं रक्त काढलं त्या सकाळी मी जेवण घेऊन वॉर्डात शिरले तर विजूच्या मांडीवर निळा डबा. शुभाकडून बर्फ मागवलेला. त्याला तोवर मान धरवत नव्हती, तोंड आतून सोललं होतं, आणि तो सुनीताला सांगत होता, "हे बघा, खाली बर्फ. मीठ जाडंच पाहिजे, बारीक नको. माझं असंच पाठवलं होतं, एक नंबर पोचलं." ती मन लावून बघत होती. त्याने कड्या लावल्या, थाप मारली. ती निघाली.

मी खाटेपाशी उभी होते. चार शब्द बोलले असते तर तिथल्या तिथे काम झालं असतं. विजू माझ्याकडे बघून हसत होता. मी म्हटलं, "आलेच पाणी घेऊन," आणि तिच्यामागे धावले.

लिफ्टपाशी गाठली. हात धरून बेसिनकडे नेली. "बर्फ काढ," म्हटलं.

"पण दादा तर म्हणले..."

"दादा चुकले. बर्फाने मरतं ते. त्याचं मेलं."

तिने माझ्याकडे बघितलं.  दोघींनी मिळून बर्फ बेसिनमध्ये ओतला. नळी तिने पदराने पुसली आणि पर्समध्ये ठेवली. डबा मी आतून कोरडा करून तिच्या हातात दिला, रिकामाच, कारण विजू खिडकीतून तिला रस्त्यावर जाताना बघणार हे मला माहीत होतं.

दुपारी ती आली ती हसतच. तिच्या नवऱ्याचं रक्त छान निघालं होतं, पेशी जिवंत होत्या. विजूने तिला विचारलं, "थंड राहिलं ना, ताई?"

"हो दादा. लई थंड," ती म्हणाली आणि डबा खाटेशेजारी ठेवला.

त्याने डबा मांडीवर घेतला. सवयच ती, काम झालं की हत्यार तपासायचं. कड्या उघडल्या, आत हात घातला, तळाच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं. मग झाकणाच्या रबरावरून फिरवलं. अंधेरीला जाऊन आलेल्या बर्फाच्या डब्यात काय सापडायला हवं, ते त्याला माझ्याहून जास्त कळत होतं.

"कोरडो आसा," तो म्हणाला.

सुनीता माझ्याकडे बघायला लागली. तिने बघायला नको होतं.

"ताई, बर्फ नको होतो?"

"नको होतो," मी म्हटलं.

"माज्या वेळेक पण?"

मी मान हलवली.

"म्हणजे माजां रगात फुकट गेलां." त्याने विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग थोड्या वेळाने, "परत काढूक सांग."

"आता नाय चालणा, विजू. औषध गेलां अंगात."

त्याने झाकण लावलं. एक कडी लावली, दुसरी लागेना, बोटांत जोर नव्हता. मी हात पुढे केला तो त्याने बाजूला सारला आणि सावकाश, दातओठ खाऊन, ती कडी स्वतः लावली.

"तुमच्या मिस्टरांचं बरोबर गेलं ना पण?" त्याने सुनीताला विचारलं.

ती रडत होती. तिने मान डोलावली.

"बरं झालं," विजू म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानंतर तो पंधरवडाभर होता. पाणी मागितलं, शुभाला हाक मारली, गावच्या विहिरीबद्दल दोनदा विचारलं. अंधेरीत काय बघितलंस, ते मात्र त्याने मला पुन्हा विचारलं नाही.